सह्या जमल्या, आता संसदेत याचिकेचं पुढं काय होतं?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात लिहिते, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. तुमच्या तालुक्याच्या स्टेशनवर थांबणारी एक एक्स्प्रेस कोरोनानंतर पुन्हा सुरू झाली, पण थांबा परत मिळाला नाही. प्रवासी संघटनेनं त्यासाठी ११ हजारांवर सह्या गोळा केल्या. खासदार म्हणाले, संसदेत याचिका मांडू. आता तुम्ही चिटणीस म्हणून विचारता: ही याचिका कोण वाचतं, आम्हाला दिल्लीला यावं लागेल का, आणि एवढ्या सह्यांचा उपयोग होतो का?

मी १९ वर्षं खासदारांच्या कार्यालयांत स्वीय सहायक होते. तीन खासदार, दोन वेगवेगळे पक्ष. प्रश्नांच्या सूचना, नियम ३७७ खाली सभागृहात मांडायच्या विषयांचे मजकूर, मंत्र्यांना पत्रं आणि अधूनमधून याचिकांचे मसुदे, हेच रोजचं काम होतं. त्या अनुभवावरून सांगते.

आधी सह्यांबद्दल, कारण तुमचा जीव त्यात अडकलाय. लोकसभेच्या किंवा राज्यसभेच्या याचिकेला अमुक इतक्या सह्या हव्यात अशी अटच नाही. एका माणसाची सही पुरते. ब्रिटनच्या पार्लमेंटकडे ऑनलाइन याचिका केली तर १० हजार सह्यांवर सरकार उत्तर देतं आणि १ लाखावर चर्चेसाठी विचार होतो. ते आकडे आपल्याकडे व्हॉट्सॲपवर फिरतात आणि लोकांना वाटतं, इथंही तसंच असेल. इथं तसं नाही. तुमच्या सह्या वाया गेल्या असं मी म्हणत नाही. त्यांचं वजन कुठं पडतं ते पुढं येईलच.

दुसरं, ‘याचिका’ या शब्दाचं. आपल्याकडे याचिका म्हटलं की हायकोर्ट डोळ्यांपुढं येतं. आपल्या विधिमंडळात याच गोष्टीला ‘विनंती अर्ज’ म्हणतात आणि तिथल्या समितीचं नावही विनंती अर्ज समिती असंच आहे. मला तो शब्द जास्त नेमका वाटतो. सभागृहापुढं तुम्ही दावा लावत नाही, मागणं मागता. हा फरक नुसता शब्दांचा नाही. जो विषय न्यायालयापुढं किंवा एखाद्या लवादापुढं, आयोगापुढं आहे, तो याचिकेत चालतच नाही. तुमच्या संघटनेत कुणी वकील उत्साहानं जनहित याचिका दाखल करायला निघाले असतील तर त्यांना आज थांबवा. एका मतदारसंघातली आमची चांगली तयार झालेली याचिका अशीच गेली. इकडे मसुदा पूर्ण, तिकडे संघटनेच्याच दुसऱ्या गटानं खंडपीठात अर्ज टाकलेला. आम्हाला कळलं तेव्हा आठ महिन्यांचं काम बाजूला ठेवावं लागलं.

विषय राज्याचा असेल तरीही दिल्लीत उपयोग नाही. तालुक्याचा रस्ता, जिल्हा परिषदेची शाळा, सातबारा हे मुंबई-नागपूरचं काम. रेल्वे, टपाल, भविष्यनिर्वाह निधी, पासपोर्ट, राष्ट्रीय महामार्ग हे संसदेचं. तुमचा थांबा रेल्वेचा, म्हणजे तिथं तुम्ही बरोबर दारात उभे आहात.

आता सभागृहात प्रत्यक्ष काय होतं ते. माझ्या पहिल्या याचिकेच्या वेळी आमच्या मतदारसंघातले एक निवृत्त शिक्षक मुद्दाम रेल्वेनं दिल्लीला आले होते. विषय एका केंद्रीय योजनेतल्या निवृत्तांच्या थकबाकीचा. पहिली सही त्यांची. प्रेक्षक सज्जात बसायचा पास मी काढून दिला. दुपारी बारानंतर मंत्री एकामागून एक उठून कागदपत्रं सभापटलावर ठेवत होते, कुठल्या तरी मंडळाचा वार्षिक अहवाल, कुठली तरी अधिसूचना. त्या ओघात आमच्या खासदारांचं नाव पुकारलं गेलं. ते उठले आणि अमुक जणांनी सही केलेली अमुक विषयावरची याचिका सादर करतो, एवढं एक वाक्य बोलून बसले. नियमच तसा आहे. ठरलेल्या नमुन्यातलं वाक्य, त्यावर भाषण नाही, चर्चा नाही. गुरुजींनी आदल्या रात्री महाराष्ट्र सदनात बसून दोन पानी निवेदन लिहून आणलं होतं, खासदार ते वाचून दाखवतील या आशेनं. बाहेर आल्यावर त्यांनी ते कागद घडी करून खिशात ठेवले आणि काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी लोकसभेच्या बुलेटिनात आमच्या याचिकेची एक ओळ छापून आली. तिची झेरॉक्स त्यांना दिली, ती मात्र त्यांनी प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून नेली.

हे एवढं लांबण लावून सांगते, कारण तुमच्याकडेही कुणीतरी सज्जात बसायला निघेल आणि हिरमुसून परत येईल. सभागृहातलं ते वाक्य म्हणजे टपालाचा शिक्का. त्या क्षणी याचिका आपोआप याचिका समितीकडे जाते, आणि खरं काम तिथं होतं.

समिती लोकसभेत १५ सदस्यांची असते. लोकसभेचे अध्यक्ष सदस्य नेमतात, मंत्र्याला तिच्यात घेत नाहीत. राज्यसभेची १० सदस्यांची. संसदेच्या सर्वांत जुन्या समित्यांपैकी ही एक. लोकांच्या अर्जांसाठी समिती असावी असा ठराव १९२१ मध्ये त्या वेळच्या कौन्सिल ऑफ स्टेटमध्ये, म्हणजे वरिष्ठ सभागृहात आला आणि १९२४ मध्ये पहिली समिती बसली. आपल्याकडची अर्जांची परंपरा त्याहून जुनी. १८५२ मध्ये जगन्नाथ शंकरशेट, भाऊ दाजी लाड यांच्या बॉम्बे असोसिएशननं ईस्ट इंडिया कंपनीच्या सनदेच्या नूतनीकरणाआधी थेट ब्रिटिश पार्लमेंटला अर्ज धाडला होता. स्वतःचं पार्लमेंट नसताना. आपल्याला ते मिळालंय तर त्याची रीत नीट शिकून घेतली पाहिजे, असं मला मनापासून वाटतं.

समितीकडे याचिका गेली की सचिवालय तिची प्रत संबंधित मंत्रालयाला पाठवून म्हणणं मागवतं. हीच ती जागा, जिथं याचिकेचा जोर आहे. तुम्ही मंत्रालयाला पत्र लिहिलं तर ‘आपले पत्र पुढील कार्यवाहीस्तव पाठविण्यात आले आहे’ असं उत्तर येतं. संसदेच्या समितीला तसं उत्तर देऊन भागत नाही. मंत्रालयाला मुद्दा घेऊन लेखी बोलावं लागतं. समाधान झालं नाही तर समिती अर्जदाराला बोलावते, मग मंत्रालयाच्या अधिकाऱ्यांना बोलावते, वाटलं तर प्रत्यक्ष जागेवर जाऊन पाहते. म्हणजे तुम्हाला दिल्लीला यायचं असेल तर ते साक्षीसाठी. बैठक बंद दाराआड असते आणि अहवाल सभागृहापुढं येईपर्यंत तिथं काय बोललं गेलं ते बाहेर सांगायचं नसतं. बाहेर पडल्या पडल्या स्थानिक वार्ताहराला फोन करू नका.

साक्षीला गेलात तर एक लक्षात ठेवा. गुरुजींना आठ महिन्यांनी बोलावणं आलं. आदल्या दिवशी मी त्यांना म्हटलं, हाल सांगा, पण शेवट प्रश्नावर करा. त्यांनी तसंच केलं. एक महिन्याचं पेन्शन-पुस्तक समोर ठेवलं आणि विचारलं, आमचा अर्ज नाकारलात तो कोणत्या परिपत्रकाच्या कोणत्या कलमानं? समितीच्या अध्यक्षांनी तो प्रश्न जसाच्या तसा पुढच्या बैठकीत अधिकाऱ्यांना घातला. त्यांच्या फायलीत कलम नव्हतं, नुसता ‘नियमात बसत नाही’ असा शेरा होता. पुढं थकबाकीचा काही भाग मिळाला, सगळा नाही.

म्हणून मसुदा लिहिताना शेवटचं मागणं, म्हणजे इंग्रजी नमुन्यात ज्याला प्रेयर म्हणतात ते, तुम्ही सगळ्यात आधी लिहा. याचिकेच्या शेवटी नेमकं काय हवं ते लिहिलंच पाहिजे असा नियमच आहे. ‘प्रवाशांच्या हालअपेष्टा दूर कराव्यात’ हे मागणं नव्हे. ‘अमुक क्रमांकाच्या गाडीचा अमुक स्थानकावरचा थांबा पूर्ववत करावा, आणि तो देता येत नसेल तर ज्या निकषावर नाकारला तो निकष व आमच्या स्थानकाचे आकडे द्यावेत’ हे मागणं. याला मंत्रालयाला हो किंवा नाही म्हणावं लागतं, आणि नाही म्हटलं तर कारण द्यावं लागतं.

बाकी नियम पटकन सांगते. याचिका सभागृहाला उद्देशून असते, मंत्र्याला नाही. भाषा संयमाची हवी. प्रत्येक सही करणाऱ्याचं पूर्ण नाव, पत्ता आणि सही. लिहिता येत नसेल तर अंगठा. सोबत पत्रं, प्रतिज्ञापत्रं, कात्रणं काहीही जोडायचं नाही. हे ऐकून सगळे दचकतात. आपल्याकडे पुराव्यांचा गठ्ठा जोडल्याशिवाय अर्ज पूर्ण झाल्यासारखा वाटत नाही. पण याचिका स्वतःच्या पायावर उभी हवी, आकडे मजकुरातच घ्यायचे. पुरावे साक्षीच्या वेळी समिती मागते. खासदार याचिकेवर प्रतिस्वाक्षरी करतात, आणि ते तुमच्याच मतदारसंघाचे हवेत असं कुठं म्हटलेलं नाही. महाराष्ट्रातून लोकसभेवर ४८ आणि राज्यसभेवर १९ खासदार जातात, त्यांपैकी कुणीही चालेल. खासदार तयार नसले तर सभागृहाच्या महासचिवांकडे थेट पाठवता येते, त्या वेळी याचिका आल्याचं सभागृहाला महासचिव कळवतात. दोन्ही वाटांनी आधी सचिवालयाची छाननी आणि अध्यक्षांची संमती लागतेच.

मराठीचं काय? याचिका मराठीत लिहिता येते, पण सोबत हिंदी किंवा इंग्रजी भाषांतर जोडावं लागतं आणि त्यावरही अर्जदाराची सही लागते. भाषांतर गावातच, विषय कळणाऱ्या माणसाकडून करून घ्या. ‘थांबा’ याचं भाषांतर कुणीतरी ‘हॉल्ट’ केलं तर रेल्वेच्या भाषेत ते वेगळ्याच प्रकारचं स्थानक होतं आणि तुमची मागणी नवं स्थानक बांधण्याची आहे असा समज होतो. गाडी थांबण्याला तिथं ‘स्टॉपेज’ म्हणतात. मंत्रालयाला थेट निवेदन द्यायचं असेल तर मात्र घटनेच्या ३५०व्या कलमानं तुम्हाला ते सरळ मराठीत देण्याचा हक्क आहे.

सह्यांच्या कागदांबद्दल अनुभवाचं एक. नुसत्या रेघा मारलेल्या कोऱ्या पानांवर सह्या असतील तर त्या कशाखाली केल्या हे कुणीही विचारू शकतं. तुमच्याकडे काही पानं तशी आहेत असं तुम्ही लिहिलंय. ती याचिकेला लावू नका. नव्या पानांवर, प्रत्येक पानाच्या डोक्यावर मागणं छापून, ३००–४०० सह्या परत घ्या. रोज त्या गाडीनं जाणारे, पासधारक, दवाखान्यासाठी जाणारे, कॉलेजची मुलं अशा माणसांच्या घ्या, पत्ते स्वच्छ अक्षरात. आधीच्या ११ हजार सह्यांचे कागद खासदारांच्या टेबलावर ठेवायला आहेत. ते मोजून, बांधून, गाववार लावून न्या. खासदार कुठल्या विषयासाठी आपली संधी खर्च करायची हे ठरवताना असे गठ्ठे पाहतात, हे मी जवळून पाहिलंय. संधी मोजक्याच असतात.

त्या संधींबद्दल आता बोलते, कारण माझं खरं म्हणणं हे आहे की याचिका तुमचं पहिलं पाऊल नसावं. संसदेचं रोजचं साधं काम आधी वापरून घ्या.

खासदारांनी मंत्र्यांना पत्र लिहिलं तर केंद्राच्या कार्यालयीन शिस्तीप्रमाणे १५ दिवसांत पोच आणि त्यापुढच्या १५ दिवसांत उत्तर जायला हवं. प्रत्यक्षात उशीर होतो, पण उत्तर येतं, आणि ते उत्तर हाच तुमच्या पुढच्या सगळ्या कामाचा पाया. त्यानंतर प्रश्न. लोकसभेत दिवसाला २० तारांकित प्रश्न लागतात, ज्यांना मंत्री तोंडी उत्तर देतात, आणि २३० अतारांकित, ज्यांची उत्तरं लेखी. सगळ्यांना तारांकित हवा असतो, टीव्हीवर दिसतो म्हणून. पण प्रश्नाची सूचना, म्हणजे नोटीस, सोडतीतून वर यावी लागते, आणि यादीतल्या वीसपैकी थोड्याच प्रश्नांपर्यंत प्रश्नोत्तराचा तास पोहोचतो. तुमच्यासारख्या विषयाला अतारांकितच बरा. त्यात आकडे मागता येतात: अमुक विभागात २०२० नंतर किती थांबे बंद झाले, किती परत दिले, कोणत्या निकषावर, आमच्या स्थानकाची तिकीट विक्री किती. सूचना किमान १५ दिवस आधी द्यावी लागते, म्हणून अधिवेशनाच्या तारखा जाहीर झाल्या की त्याच आठवड्यात मसुदा खासदारांच्या कार्यालयात हवा. अधिवेशन सुरू झाल्यावर धावत येणारे बरेच असतात.

उत्तर आलं की त्यातली वाक्यं काळजीपूर्वक वाचा. ‘बाब विचाराधीन आहे’, ‘माहिती गोळा करून सभापटलावर ठेवली जाईल’, ‘तपासून पाहिले जाईल’ अशी वाक्यं म्हणजे सरकारी आश्वासन. ती टिपून घेतली जातात आणि तीन महिन्यांत पूर्ण करणं अपेक्षित असतं. त्यावर नजर ठेवायला आश्वासनांसाठी वेगळी समिती आहे. लोक ‘विचाराधीन’ वाचतात आणि निराश होऊन कागद फेकून देतात. मी त्या ओळीखाली लाल रेघ मारून कॅलेंडरवर तीन महिने पुढची तारीख लिहीत असे.

नियम ३७७ खालीही विषय मांडता येतो. मजकूर २५० शब्दांच्या आत, एका खासदाराला आठवड्यात एकदाच, आणि मंत्री नंतर खासदारांना लेखी उत्तर पाठवतात. राज्यसभेत याच धर्तीवर विशेष उल्लेख आहे. शून्य प्रहर, म्हणजे खासदार तातडीचे विषय तोंडी मांडतात ती वेळ, हा नियमावलीतला शब्द नाही, प्रथेनं आला. तिथं बोललेलं गावात लवकर पोहोचतं, व्हिडिओ फिरतो, पण मंत्रालयाच्या फायलीत ३७७चा कागद जास्त टिकतो असं माझं मत आहे.

एवढं करून हाती पत्राचं उत्तर, प्रश्नाचं उत्तर आणि ३७७चं उत्तर आलं, आणि तिन्हींत कारणं वेगवेगळी निघाली, की याचिका लिहायला बसा. समितीला विसंगती दिसली की ती विषय सोडत नाही.

उपयोग होतो का, या तुमच्या प्रश्नाला दोन उदाहरणं देते. कुष्ठरोगातून बऱ्या झालेल्या माणसांच्या हक्कांसाठी राज्यसभेकडे याचिका आली होती. आनंदवनामुळं हा विषय आपल्याला परका नाही. राज्यसभेच्या याचिका समितीनं २००८ मध्ये आपल्या १३१व्या अहवालात त्यांना भेदभावानं वागवणारे कायदे बदलायला सांगितले. २०१५ मध्ये विधी आयोगानं याच विषयावर अहवाल दिला, १८९८चा लेपर्स ॲक्ट २०१६ मध्ये रद्द झाला, आणि २०१९ मध्ये पाच व्यक्तिगत कायद्यांत दुरुस्ती होऊन कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण उरलं नाही. पहिल्या अहवालापासून तिथवर ११ वर्षं गेली. त्यात इतरांचंही काम होतं, पण संसदेच्या कागदावर विषय आला तो एका याचिकेतून.

दुसरं उदाहरण तुमच्या गावातल्या प्रत्येक ईपीएस-९५, म्हणजे १९९५च्या कर्मचारी पेन्शन योजनेतल्या पेन्शनराला तोंडपाठ असेल. ते ज्याला ‘कोश्यारी समिती’ म्हणतात ती खास नेमलेली समिती नव्हती, ती राज्यसभेची याचिका समितीच होती. भगतसिंग कोश्यारी तेव्हा तिचे अध्यक्ष होते, पुढं आपले राज्यपाल झाले. या समितीनं २०११ मध्ये माजी सैनिकांसाठी ‘वन रँक वन पेन्शन’ची, म्हणजे समान हुद्दा आणि समान सेवेला समान पेन्शनची शिफारस केली आणि २०१३ मध्ये ईपीएस-९५ची किमान पेन्शन महिना ३,००० रुपये करावी असं म्हटलं. सरकारनं २०१४ मध्ये किमान १,००० रुपये दिले. महाराष्ट्रातले पेन्शनर किमान पेन्शन वाढावी म्हणून आजही मोर्चे काढतात. सैनिकांच्या बाबतीत २०१५ मध्ये योजना आली, पण समितीनं केलेल्या व्याख्येप्रमाणे हुबेहूब नाही. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं तेव्हा २०२२ मध्ये न्यायालयानं सांगितलं की समितीच्या अहवालातून मागणीची पार्श्वभूमी कळते, पण अहवाल म्हणजे सरकारचं धोरण नव्हे.

हे कटू आहे, पण आधीच माहीत असलेलं बरं. समिती शिफारस करते, आदेश देत नाही. शिफारशीवर काय केलं ते मात्र सरकारला लेखी कळवावं लागतं, आणि न पटलेल्या उत्तरावर समिती पुन्हा अहवाल देऊ शकते. थांब्यासारख्या विषयाला ११ वर्षं लागत नाहीत. रेल्वे बऱ्याचदा सहा महिन्यांसाठी प्रायोगिक थांबा देते आणि तिकीट विक्री पाहून पुढचं ठरवते. तुमच्या पर्यायी मागणीत ‘निदान प्रायोगिक तत्त्वावर’ हे शब्द घाला. आणि तो मिळालाच तर त्या सहा महिन्यांत सगळ्यांनी तिकीट तुमच्याच स्थानकाचं काढायचं, शेजारच्या जंक्शनचं नाही. थांबा मिळून असा परत गेलेला मी पाहिलाय.

सभागृह निवडण्याबद्दल शेवटचं. लोकसभा विसर्जित झाली की तिच्या समितीपुढं पडून असलेल्या याचिका बाद होतात, नव्या लोकसभेत पुन्हा पहिल्यापासून. राज्यसभा कायम असते. लोकसभेच्या मुदतीचं शेवटचं वर्ष असेल तर राज्यसभेतल्या एखाद्या सदस्याला भेटा.

या आठवड्यात करायचं ते एवढंच: खासदारांकडे एका पानाचं पत्र द्या, त्यात गाडीचा क्रमांक, थांबा कधीपासून बंद, पासधारकांची संख्या आणि जवळचं पर्यायी स्थानक किती किलोमीटरवर, एवढं असू द्या. पत्रावर आवक क्रमांक घ्या आणि तो वहीत तारखेसकट लिहून ठेवा. अतारांकित प्रश्नाचा मसुदा तुम्ही करून इथं टाका, मी तपासून देईन.